टिचकीची कोळंबी आणि निवणारी भट्टी

समुद्राकाठी एक बेकरी होती. बेकरीत राहायची टिचकी उंदरी. शेपटी लांब, अंग एवढंसं!

टिचकीचा धाकटा भाऊ पिटू. पिटूला ताप आला होता. दोन दिवस पिटूनं तोंडच उघडलं नाही. पेज नको. पाव नको. काही म्हणजे काही नको!

मग टिचकीनं काय केलं? एक छोटा गोल पाव घेतला. आतला मऊ मऊ गाभा कोरून काढला. झाली पावाची वाटी! वाटीत घातली साय. आता सायीत कोळंबी घालायची आणि भट्टीत भाजायची. ती खायला पिटू नक्की तोंड उघडणार!

बेकरीवाले इनासकाका म्हणाले, "पाव भाजून झालेत गो. भट्टीत आता उरलीय ती ऊब. गावातल्यांचे नानकटाईचे डबे भाजून होतील, मग मी भट्टीच्या तोंडाला झापड लावणार. लवकर ये हां!"

कोळंबी तर टिचकीकडे होतीच. जानकाबाय कोळिणीकडे सकाळभर कोळंब्या सोलल्या, तेव्हा कुठे एक मिळाली होती. टिचकीनं ती वाळूत ठेवली होती.

पण हाय रे! वाळूत कोळंबी कुठाय? चिंबोरी खेकडीनं ओढून बिळात नेली. खर्र खर्र!

टिचकी रडली. डोळे पुसले. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"चिंबोरीताई, चिंबोरीताई, माझी कोळंबी दे! पिटू उपाशी, भट्टी निवते!"

चिंबोरी म्हणाली, "वाळू तापलीय. पाय भाजतात. लाट दारात आली, तर बाहेर येईन. मग देईन."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

"लाटेबाई, लाटेबाई, ऊठ ना!
चिंबोरी कोळंबी देईना,
पिटू उपाशी, भट्टी निवते!"

लाट म्हणाली, "ओहोटी आहे. मी दमलेय. होडी हलली, तर उठेन."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

"होडीबाई, होडीबाई, हल ना!
लाट उठेना,
चिंबोरी कोळंबी देईना,
पिटू उपाशी, भट्टी निवते!"

होडी म्हणाली, "आपली आपण कशी हलू? नाखव्यानं वल्हं मारलं, तर हलेन."

नाखवा बसला होता पाय पसरून. डोक्याला फडकं बांधून.

"नाखवादादा, नाखवादादा, वल्हं मार ना!
होडी हलेना,
लाट उठेना,
चिंबोरी कोळंबी देईना,
पिटू उपाशी, भट्टी निवते!"

नाखवा म्हणाला, "डोकं दुखतंय गो माझं. चाय नाय, तर वल्हं नाय! म्हशीनं दूध दिलं, तर चाय. चाय झाली, तर वल्हं."

निघाली टिचकी. पाय दुखले. पोटात कावळे ओरडले. तरी तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, दूध दे ना!
नाखवा वल्हं मारेना,
होडी हलेना,
लाट उठेना,
चिंबोरी कोळंबी देईना,
पिटू उपाशी, भट्टी निवते!"

म्हैस म्हणाली, "पाठीवर गोचिडी! चावून चावून जीव नकोसा केला. साळुंकीनं टिपल्या, तर दूध."

साळुंकी बसली होती घरट्यात. पिल्लू रडत होतं. च्यँव च्यँव!

"साळुंकीबाई, साळुंकीबाई, गोचिडी टिप ना!
म्हैस दूध देईना,
नाखवा वल्हं मारेना,
होडी हलेना,
लाट उठेना,
चिंबोरी कोळंबी देईना,
पिटू उपाशी, भट्टी निवते!"

साळुंकी म्हणाली, "पिल्लू भुकेलंय. सोडून कशी येऊ? काही मऊ मऊ दे, तर येईन."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. टिचकी मटकन खाली बसली. ऊन उतरलं. भट्टी निवली असेल. पिटू वाट बघून झोपला असेल. टिचकी हमसाहमशी रडली.

रडता रडता काखेत काहीतरी मऊ लागलं.

अगंबाई! पावाचा गाभा! कोरून काढलेला, काखेत धरलेला. तेव्हापासून तिथंच! वेडाबाई टिचकी स्वतः उपाशी, तरी विसरली!

गाभा दिला पिल्लाला. पिल्लू गप्प!
साळुंकीनं गोचिडी टिपल्या. टिप टिप!
म्हशीनं दूध दिलं. चुळ्ळ चुळ्ळ!
नाखवा चाय प्याला. फुर्र फुर्र! त्यानं वल्हं मारलं. चुबुक चुबुक!
होडी हलली. डुगू डुगू!
लाट उठली. सळ्ळ सळ्ळ!
पाणी बिळात शिरलं. चिंबोरी बाहेर आली. "धर बाई तुझी कोळंबी!"

टिचकी धावली. तुरुतुरुतुरुतुरु!

इनासकाका झापड लावतच होते.

"काका, थांबा!"

काकांनी भट्टीत हात घातला. मान हलवली. "ऊब संपली गो पोरी. डबा काही भाजायचा नाही."

टिचकीचे डोळे भरले. तिनं कोपऱ्यात ठेवलेली पावाची वाटी पुढे केली. एवढीशी!

काका हसले. "एवढ्याशा वाटीला? एवढीशी ऊब आहे की!"

कोळंबीचे तुकडे सायीत कालवले. वाटी भट्टीत गेली. साय फुगली. बुड बुड! वर लालसर झाली. वास सुटला. अहाहा!

टिचकीनं वाटी पिटूपुढे ठेवली. कडेचा तुकडा मोडला. सायीत बुडवला. पिटूच्या तोंडाशी नेला.

पिटूनं तोंड उघडलं! एक घास. दोन घास. तीन घास.

"ताई," पिटू म्हणाला, "अजून!"

मग दोघांनी साय खाल्ली, कोळंबी खाल्ली, वाटीसुद्धा खाल्ली. घासायला काही उरलं नाही. सांगायलाही काही उरलं नाही!