टिमकीचा गूळ आणि टेबलाखालची मावशी

एक होती मुंगी. तिचं नाव टिमकी.

टिमकीच्या भावाला बाळ झालं. आज बाळाचं बारसं. टिमकी बाळाची आत्या. आत्यानं गूळ आणायचा. मग आत्यानंच बाळाच्या कानात नाव सांगायचं. गूळ नाही, तर नाव नाही. मुंग्यांचं असंच असतं.

टिमकी गुळाचा खडा घेऊन निघाली. तुरू तुरू तुरू. खडा मोठा. टिमकी छोटी. वाटेत लागलं एक टेबल. टेबलावर डोंगर. टेबलावर पूल. टेबलावर स्टेशन. आणि एक छोटी आगगाडी. सगळं इंदूमावशी आणि दिगूकाकांनी घरी बनवलेलं.

टिमकी दमली. तिनं खडा गाडीच्या डब्यात ठेवला. "हुश्श," म्हणाली.

दिगूकाकांनी बटण दाबलं. झुक झुक झुक. गाडी गेली. गूळही गेला.

गाडी डोंगरामागून आली. टिमकीसमोरून गेली. परत आली. परत गेली. गोल गोल, गोल गोल.

टिमकी म्हणाली, "गाडीबाई, थांब ना. माझा गूळ दे ना."

गाडी म्हणाली, "मी स्टेशनातच थांबते. रूळ सरकेल, तर मी स्टेशनाकडे वळेन." आणि गेली. झुक झुक झुक.

टिमकी गेली रुळाकडे. तुरू तुरू तुरू.

"रूळदादा, सरक ना.
गाडी वळेना,
गूळ मला मिळेना."

रूळ म्हणाला, "माझा मी कसा सरकू? तार ढकलेल, तर मी सरकेन."

टेबलाला होतं एक भोक. भोकातून डोकावत होती तार. टिमकी गेली तारेकडे. तुरू तुरू तुरू.

"तारताई, ढकल ना.
रूळ सरकेना,
गाडी वळेना,
गूळ मला मिळेना."

तार म्हणाली, "मी बारीक. मला कुठली ताकद? खाली मोटर आहे. मोटर फिरेल, तर मी ढकलेन."

टिमकी तारेवरून घसरली. सुर्रर्र. भोकातून थेट टेबलाखाली. तिथे होती मोटर. एका बाजूनं लोंबत होती. डुगू डुगू हलत होती.

"मोटरमामी, फिर ना.
तार ढकलेना,
रूळ सरकेना,
गाडी वळेना,
गूळ मला मिळेना."

मोटर म्हणाली, "फिरले तर पडेन की गं. स्क्रू मला धरेल, तर मी फिरेन."

स्क्रू शेजारीच होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. टिमकी गेली स्क्रूकडे. तुरू तुरू तुरू.

"स्क्रूभाऊ, धर ना.
मोटर फिरेना,
तार ढकलेना,
रूळ सरकेना,
गाडी वळेना,
गूळ मला मिळेना."

स्क्रू म्हणाला, "मी तयार आहे. पण मावशी मला पिळेल, तर मी धरेन."

खाली जमिनीवर होती इंदूमावशी. टेबलाखाली उताणी पडलेली. पाय तेवढे बाहेर. पोटावर स्क्रूड्रायव्हर. हाताची घडी. टिमकी उतरली थेट मावशीच्या नाकावर. टुप्प.

"मावशी, स्क्रू पीळ ना.
स्क्रू धरेना,
मोटर फिरेना,
तार ढकलेना,
रूळ सरकेना,
गाडी वळेना,
गूळ मला मिळेना."

मावशी म्हणाली, "मोटर सरकवून सरकवून हात दुखले माझे. काका म्हणाले डावीकडे, मी सरकवली डावीकडे. तर म्हणतात, ही उजवी. आता काका नीट बोलतील, तर मी पिळेन."

टिमकी गेली काकांकडे. तुरू तुरू तुरू. पायावरून गुडघ्यावर. गुडघ्यावरून खांद्यावर. खांद्यावरून कानावर. काका टेबलापाशी उभे होते. तोंड फुगवून चहा पीत होते.

"काका, नीट बोला ना.
मावशी पिळेना,
स्क्रू धरेना,
मोटर फिरेना,
तार ढकलेना,
रूळ सरकेना,
गाडी वळेना,
गूळ मला मिळेना."

काका म्हणाले, "मी नीटच बोललो. तीनदा बोललो. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. मावशीला डावी-उजवी कळत नाही. मी आता बोलणारच नाही."

आता काय करायचं?

घरी बाळ वाट बघतंय. बाळाला अजून नाव नाही.

टिमकीनं विचार केला. ती काकांना म्हणाली, डावा हात बाजूला करा. काकांनी केला. हात गेला खिडकीकडे.

टिमकी खाली आली. तुरू तुरू तुरू. मावशीला म्हणाली, डावा हात पसर. मावशीनं पसरला. हात गेला दाराकडे.

टिमकी हसली. काका उभे. मावशी उताणी. काकांची डावी खिडकीकडे. मावशीची डावी दाराकडे. दोघांचंही बरोबर.

टिमकी परत वर गेली. तुरू तुरू तुरू. काकांच्या कानात म्हणाली, "डावी नको. उजवी नको. खिडकीकडे म्हणा."

काकांनी चहाचा कप ठेवला. वाकून टेबलाखाली बघितलं. मावशी उताणी दिसली. काकांनी डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, "इंदू, खिडकीकडे."

मावशी म्हणाली, "हे आधी नाही का सांगायचं?"

मावशीनं मोटर सरकवली. खिडकीकडे. आणि मग काय झालं?

काका बोलले,
मावशीनं पिळलं, कर्र कर्र.
स्क्रूनं धरलं, गच्च.
मोटर फिरली, घुर्र.
तारेनं ढकललं, टिंग.
रूळ सरकला, खट.
गाडी वळली, झुक झुक झुक.
गाडी स्टेशनात आली.
थांबली. फुस्स.

डब्यात होता गुळाचा खडा. टिमकीनं तो डोक्यावर घेतला. मावशी टेबलाखालून बाहेर आली. काकांनी बोट पुढे केलं. टिमकी बोटावर चढली. काकांनी तिला भिंतीतल्या घरापाशी अलगद सोडलं.

सगळ्या मुंग्या गोळा झाल्या. टिमकीनं बाळाच्या तोंडाला गूळ लावला. मग बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्र," म्हणाली. "तुझं नाव हत्ती."

हत्तीनं गूळ चाटला. एकदा चाटला. आणखी एकदा चाटला. सगळा चाटून टाकला. आणि पाय वर करून झोपला.

सहाच्या सहा.