मेघांना पाठवलेला बाण

त्या राज्यात एकच तळे होते आणि ते दर वर्षी हातभर खाली जात होते. मेघ रुसले आहेत, असे आकाशखात्याने जाहीर केले होते. दरबार खिंडीपलीकडे होता. तिथे काय चालते ते इकडच्या कोणी पाहिले नव्हते, पण उत्सवाला तिकडून फळे येत आणि ती फार रसाळ असत.

रुसलेल्या मेघांची समजूत काढण्यासाठी वर्षातून एकदा बाणाचा दिवस पाळला जाई. आठ दिवस आधी घरोघर एक खोका पोचता होई. खोक्यात कागदाची नळी, हलक्या लाकडाची फळी, टोकदार नाकाडे, उतरताना उघडणारी कापडाची छत्री आणि बोटाएवढी शोभेच्या दारूची कांडी असे. ज्याने त्याने आपला बाण बांधायचा, नाकाड्यात आपले गाऱ्हाणे लिहून ठेवायचे आणि टेकडीमागच्या माळावरून तो मेघांकडे सोडायचा. त्या दिवशी तळ्यावर कोणी थांबायचे नाही असा हुकूम होता. मेघांना सगळी प्रजा एकत्र दिसली पाहिजे म्हणून. ज्याचा बाण सर्वांत उंच जाऊन माघारी येईल, त्याला तळ्याच्या मधला डोह राहायला मिळे.

तानी नावाच्या पाणमांजरीला तो डोह हवा होता. तिचे बीळ काठच्या उथळात होते, आणि आता ते उथळही राहिले नव्हते. बिळाच्या तोंडाशी पूर्वी लाटा लागत, तिथे तिची दोन पिल्ले धुळीत लोळत. मोठ्या पिल्लाच्या अंगावरची लव कोरडी पडून गळू लागली होती. म्हणून त्या वर्षी तानीने खोका उघडला तो हट्टाने उघडला.

तिने घाई केली नाही. फळीतून तीन पंख कापले, ते लाकडाच्या रेषा नीट पाहून. रेषा उलट गेली तर पंख हवेत मोडतो, हे तिने मागच्या वर्षीच्या पडझडीत पाहिले होते. कडा खडबडीत दगडावर घासून गोल केल्या. पहिला पंख डिंकाने चिकटवला आणि सकाळी पाहते तो केसभर तिरका. शेजारी राहणारे म्हातारे साळिंदर, तात्या, म्हणाले की एवढ्याने काय होते, चालून जाईल. तानीने पंख उपटला, नळी पुसली आणि पुन्हा चिकटवला. तात्यांनी मग आपला एक काटा उपटून दिला, डिंक सांध्यात नीट भरायला. दोघे कितीतरी वेळ काम करत राहिले. दारूच्या आगीने छत्री जळू नये म्हणून मध्ये शेवरीच्या कापसाचा बोळा घालतात. तो किती सैल, किती घट्ट, याचा अंदाज तानीने सात वेळा घेतला. शेवटी बाणाला दोरी बांधून तो डोक्याभोवती गरगर फिरवला. बाण डगमगला नाही. नाक पुढे ठेवून सरळ फिरला. तानीला इतका आनंद झाला की क्षणभर ती पाणी विसरली.

गाऱ्हाण्यात तिने एकच ओळ लिहिली: पिल्लांना पोहायला शिकवायचे आहे.

माळावर त्या दिवशी सगळे रान लोटले होते. ढोल सकाळपासून वाजत होते. आकाशखात्याचा प्रमुख दीर्घकंठ करकोचा मंचावर उभा होता. त्याची मान मुळातच वर असे, त्यामुळे तो सदा मेघांशी बोलत असल्यासारखा दिसे. एकेक बाण सळईवर चढे, दहापासून उलटी मोजणी होई, खटका दाबला जाई आणि हजारो माना एकदम वर जात. कुणाचा बाण सळईवरच फुसफुसला. कुणाचा आडवा जाऊन झुडपात शिरला. एका सशाच्या बाणाची छत्री उघडलीच नाही, आणि तो दगडासारखा खाली येताना पाहून ससा ओक्साबोक्शी रडला.

तानीचा बाण सुटला तो रेघ ओढल्यासारखा. तो बारीक झाला, दिसेनासा झाला, मग फार उंचावर एक पांढरा ठिपका उमलला. छत्री उघडली होती. तिथल्या वाऱ्याने ती धरली आणि बाण टेकडीपलीकडे वाहून नेला.

माघारी आणल्याशिवाय बाण हिशेबात धरला जात नसे. तानी धावत सुटली. पहारेकरी घोरपडीही आकाशाकडे बघत उभ्या होत्या. ती त्यांच्या पायांमधून गेली तरी त्यांना कळले नाही. टेकडी चढता चढता ढोलांचा आवाज मागे पडला आणि दुसरा आवाज ऐकू येऊ लागला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. लहानपणी तळे भरलेले असताना सांडव्यावरून तो येत असे.

माथ्यावरून तिने पाहिले. तळ्याच्या बांधातली पाणी सोडायची मोरी सताड उघडी होती. तिच्यातून निघालेला पाट खिंडीकडे चालला होता आणि पाणी भरभरून वाहत होते. कडेला काही नोकर निवांत बसून फळे खात होते. तिचा बाण त्याच पाटात पडून छत्रीसकट एका दगडाला अडकला होता. तिने उडी मारली, बाण दातांत धरला आणि निथळत माळाकडे पळाली.

मंचापाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. ती म्हणाली, "साहेब, मोरी उघडी आहे. आपलं पाणी खिंडीपलीकडे चाललंय. मी डोळ्यांनी बघून आलेय."

ढोल चालूच होते. पुढच्या दोन-तीन रांगांनीच ते ऐकले असेल. दीर्घकंठाने तिच्याकडे पाहिले नाही, बाणाकडे पाहिले. चोचीने तो उचलला, उंच धरला आणि ढोल थांबवायची खूण केली. छत्रीतून पाणी टपटपत होते.

"प्रजाजनहो," तो म्हणाला, "मेघांनी या बाणाला स्पर्श केला आहे."

माळावर जो जल्लोष उठला तो पुष्कळ वेळ शमला नाही. बाणातून गळणारे थेंब पोरांच्या डोक्याला लावण्यासाठी आया पुढे झाल्या. तानी ओरडत होती, पण तिचे ओरडणे सगळ्यांना आनंदाचे वाटले. तिने गर्दीत तात्यांना गाठले आणि सगळे सांगितले. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"खोटं नसशील बोलत," ते हळू म्हणाले. "पण पोरी, मोरी उघडी असली तर ती बंद करायला जावं लागेल. तिथं घोरपडी असतील. वर बघायला काही लागत नाही."

मग मंचावरून तानीचे नाव पुकारले गेले. दीर्घकंठाने डोहाचा कागद तिच्यापुढे धरला आणि फक्त तिला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "पिल्लं लहान आहेत ना, तानीबाई?"

त्या आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. हजारो डोळे तिच्यावर होते. तिने कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी पिल्लांना घेऊन ती डोहावर गेली. डोहातले पाणीही मोरीने ओढून नेले होते; उरला होता घोटाभर गाळ आणि गाळात मासे कुशीवर पडून तोंडे उघडमीट करत होते. धाकट्या पिल्लाने विचारले की यात पोहायचे कसे. तानीने तेव्हा घरोघर जाऊन मोरीची हकीकत सांगायला सुरुवात केली. लोक ऐकून घेत, बसायला देत, आणि ती निघाली की म्हणत, हिला अख्खा डोह मिळाला तरी हिचे रडणे सरत नाही. आधी का नाही बोलली, असेही म्हणत. उन्हाळा लागायच्या आत मोठे पिल्लू गेले. तिने त्याला डोहाच्या गाळातच पुरले, कारण दुसरी ओली जागा नव्हती.

पुढच्या वर्षी खोके दुप्पट आले. मेघांनी स्पर्श केल्यापासून सर्वांचा उत्साह वाढला होता आणि टेकडीमागचा माळ अपुरा पडणार होता. आकाशखात्याने नवे मैदान निवडले. ते ऐसपैस होते, सपाट होते, त्यात झाड नव्हते की झुडूप नव्हते. तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ते पसरले होते. सळया रोवायला कोणाला खड्डे खणावे लागले नाहीत, भेगा होत्याच. तानी धाकट्याचा हात धरून उभी होती. तिने ठरवले होते की काही झाले तरी जमिनीवरची नजर उचलायची नाही. मोजणी दहापासून सुरू झाली, शून्यावर आली, पहिला बाण सुसाट निघाला, आणि हजारो मानांबरोबर तिचीही मान वर गेली.