मोराच्या टेकडीवरचं जेवण

त्या मुलखात खायला मुबलक होतं. ओढ्याकाठी कंद होते, झाडांवर मधाची पोळी होती, आणि भर उन्हाळ्यातही कोणावर उपाशी झोपायची पाळी येत नव्हती. नव्हती ती चारचौघांत बसून खाण्याची जागा. म्हणून मोराने टेकडीवर भोजनगृह काढलं. बसायला शेवाळाच्या मऊ गाद्या, वाढायला एवढी थोरली ताटं की मधला पदार्थ शोधावा लागे, आणि प्रत्येक पदार्थावर न चुकता एक फुलाची पाकळी.

वस्तीने ही जागा लगेच डोक्यावर घेतली आणि सोबत एक रीतही पाडली. टेकडी चढण्याआधी घरी पोटभर जेवून घ्यायचं. मोराकडे भुकेलं तोंड घेऊन जाणं म्हणजे आपल्या हाताने आपलं नाक कापून घेणं. त्यामुळे अस्वल मधाचं अख्खं पोळं रिचवून येई, सांबराचं जोडपं मनसोक्त चरून येई, आणि घोरपड तर ढेकर देतच पायऱ्या चढे. मग सगळे ऐटीत बसत, वाटीला ओठ लावत आणि मत देत. मत न देता उठणं तिथे असभ्यपणाचं समजलं जाई.

आत चुलीपाशी साळू होती. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा. पूर्वी ती ओढ्याकाठी राहायची, आणि कोणता कंद कधी उकरावा, किती शिजवावा, हे विचारायला सगळा मुलूख तिच्या दारी यायचा. 'साळूने चाखलंय' एवढं म्हटलं की वाद मिटत. मोराने तिला मानाने टेकडीवर आणलं. तिचं नारळाच्या दुधाचं सार हा तिथला मुख्य पदार्थ झाला.

वाढायला बगळा होता. पाहुणे जे बोलत ते तो एका पायावर उभा राहून, कानामात्रेचाही फरक न करता, चुलीपाशी येऊन सांगे.

"अस्वलराव म्हणतात, खारट झालंय. घोरपडबाई म्हणतात, मीठ विसरलात की काय?"

"अरे, पातेलं एकच होतं," साळू म्हणाली आणि हसली. पहिल्या दिवशी ती हसू शकली. व्यक्ती तितक्या प्रकृती, असं स्वतःशी म्हणून तिने दुसऱ्या दिवशी मीठ थोडं कमी केलं. त्यावर जे बोलणं झालं ते ऐकून तिसऱ्या दिवशी थोडं वाढवलं.

जिभेला हाड नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिने येणाऱ्या प्रत्येक जिभेचं ऐकलं. आंबट म्हटलं की आमसूल काढलं, गुळमट म्हटलं की परत टाकलं. स्वतः चाखून ठीक वाटलं तर बाहेरून वाईट ऐकू येई, आणि स्वतःला बिघडलंसं वाटलं तर नेमकी वाहवा होई. वर्ष सरलं तशी तिने चाखायचंच सोडून दिलं. सार बाहेर पाठवायचं आणि बगळ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. ती फार थकली होती. झोप झाली तरी सकाळी अंग उचलायला तिला जड जाई.

मग एके दिवशी मोर आत आला. पिसारा नीट मिटून, पायाखाली काही लागणार नाही अशा बेताने उभा राहत तो म्हणाला, "साळूबाई, शहरातलं एक रानमांजर आहे, स्वयंपाकात फार नावाजलेलं. पौर्णिमेला दुपारी आपले चार मानकरी जेवायला येतायत. त्यांच्यातले निम्म्याहून जास्त नाराज झाले, तर मग माझा नाइलाज आहे."

काम जाईल याची साळूला भीती नव्हती. ओढ्यावर कंद अजून होते. पण तिथे परत गेल्यावर जो तो म्हणणार होता की साळूची जीभ गेली. हे तिला सोसणारं नव्हतं. निदान याच मुलखात तरी नाही.

पौर्णिमेला तिने पहाटेपासून तयारी केली. नारळाचं दूध गाळून ठेवलं, आमसूल भिजवलं, जिरं कुटलं आणि मोठं पातेलंभर पाणी चुलीवर चढवलं. पाण्याला वाफ यायला वेळ होता, म्हणून ती भिंतीला टेकली. काटे टोचत होते तरी डोळा लागला.

मानकरी वेळेआधीच येऊन बसले. मोर धावत आत शिरला. वाफाळतं पातेलं दिसताच त्याने चार वाट्या भरल्या, प्रत्येकीत एकेक पाकळी सोडली आणि बगळ्याला पिटाळलं. साळूने डोळे उघडले तेव्हा पातेल्यातलं पाणी चार वाट्यांनी उतरलं होतं, आणि दूध, आमसूल, जिरं जागच्या जागी होतं. ती दाराआड धावली, पण वाट्या ओठांना लागल्या होत्या.

अस्वलाने डोळे मिटून घोट घोळवला. "मीठ जरा पुढे आलंय," तो नाराजीने म्हणाला.

"छे हो, केवढा हलका हात!" घोरपड म्हणाली. "मिठाचा नुसता भास. मला हे फार आवडलं."

"मागच्या खेपेपेक्षा सरस आहे," सांबराने मान डोलावली.

"ह्यांना काय कळतंय, घरी काहीही चालतं ह्यांना," सांबरीण म्हणाली. "आंबट ढोण आहे. मला नाही बाई आवडलं."

मोर नाचतच आत आला. "निम्मे-निम्मे! वाचलात, साळूबाई. आणि ऐका, एकेक वाटी आणखी मागवलीय. तेवढं त्यांनी सांगितलंय त्या हिशेबाने बघा."

"मालक, त्या पातेल्यात..." साळूने तोंड उघडलं.

"आता सबबी नकोत," म्हणत मोर पाकळ्या निवडायला वळला.

साळू पातेल्याशी आली. उरलेल्या पाण्याला उकळी फुटली होती. पाटावर सगळं तयार होतं, पण तिने तिकडे पाहिलं नाही. कोण काय म्हणालं, ते ती आठवत होती. अस्वलाला खारट लागलं. घोरपडीला भास पुरला. तिने चिमटीत मीठ घेतलं, पातेल्यावर हात नेला आणि थांबली. मग चिमटीतलं अर्धं मीठ परत डब्यात झटकलं, उरलेलं पाण्यात सोडलं, आणि ढवळून बगळ्याला हाक मारली.

"ने रे. आणि काय म्हणतात ते सांग."