कणकेविना मृदंग

एकदा एक मृदंगी आपल्या गुरूंकडे गेला आणि उंबऱ्याला अडखळून थेट त्यांच्या पायाशीच आदळला.

"साठी उलटल्यावर शिष्याला भक्ती फुटली म्हणायची," बुवा म्हणाले. म्हातारा भारी खोडकर. यमराज दारात आला तरी आधी त्याच्या रेड्याची चौकशी करील.

शिष्य हसला नाही. शहरातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की हा मज्जातंतूंचा विकार आहे, बहुधा वडिलांकडून आलेला. बोटं आणि पावलं हळूहळू दुबळी होत जातात. मागे फिरवणारं औषध नाही. मुलीलाही असू शकेल, तिला दाखवून घ्या.

वडीलही मृदंगीच. उतारवयात त्यांचा हात थापेवरून घसरे, चालताना झोक जाई. गाव म्हणे, भांग घेतो. मुलालाही ते खरं वाटलं होतं, आणि लाजेपोटी तो बापाला सोडून बुवांकडे शिकायला आला होता. आता क्षमा मागावी तर बाप उरला नव्हता.

"वेणूला सांगितलंस?" बुवांनी मुलीचं विचारलं.

"नाही. तिच्या हातून कपबशा सुटतात तेव्हा मीच ओरडतो, लक्ष कुठं असतं तुझं म्हणून. पण हे कोणत्या तोंडानं सांगू? जगू दे तिला सुखानं."

गुरुवारच्या भजनात बुवांनी स्वतःच मृदंग पुढ्यात ओढला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे तो घुमतो. बुवांनी कणीक लावलीच नाही. थाप पडली आणि रिकामा डबा बडवावा तसा आवाज आला. मंडळी गालात हसली. "बुवांचा हात गेला," एक जण कुजबुजला. "वय झालं, आता सोडावं माणसानं," दुसरा म्हणाला. शेजारी बसलेल्या शिष्याला कोरडं कातडं दिसत होतं. तो मान खाली घालून बसला.

मंडळी पांगल्यावर बुवांनी विचारलं, "कणीक नव्हती हे तुला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

"चारचौघांत तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वा रे कनवाळू. तू गप्प बसलास म्हणून कणीक उगवली का तिथं? उणीव कातड्याला आणि बोलणी हाताला. मला निदान कारण ठाऊक होतं, म्हणून मी मनात हसत होतो. तुझ्या बापाला ते ठाऊक नव्हतं, सांगणारंही कोणी नव्हतं. बिचारा स्वतःलाच कोसत गेला." बुवांच्या आवाजातली थट्टा विरली. "वेणूला सांगणारा आहे, आणि तो तोंडाला कुलूप लावून बसलाय. दुखणं तिच्या अंगात असेल तर आहेच रे. तू तिच्यापासून लपवतोयस ते फक्त त्याचं कारण."

शिष्य घरी गेला. वेणूला जवळ बसवून त्याने आजोबांपासून सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे बाबा, मी वेंधळी नाही?"

चाळिशी गाठलेली बाई, पण विचारलं लहान पोरीसारखं.

"नाहीस गं," तो म्हणाला. "आजोबाही भांग घेत नव्हते."