ओटुलीचा दगड

कोंडवळच्या खिंडीत हा जो दगडफुलाने पांघरलेला, पोटाशी फुगीर दगड दिसतो, त्यावर बसू नये. बसलात? मग उठा, दादा. राग मानू नका. बसायला खिंडीत दगड पुष्कळ आहेत.

पूर्वी या रानात ओटुली नावाचं जनावर होतं, असं सांगतात. सशाहून मोठं, भेकराहून लहान, आणि पोटाला कातड्याचीच ओटी. पिल्लू त्या ओटीत. कांगारूने पिशवी घेतली ती मागाहून, आमचीच ओटी बघून. हसा, हसा, माझे चुलतेही इथवर हसतच सांगायचे.

ओटुलीचं मांस खाल्लं की बाळंतपण सोपं जातं, अशी कोणीतरी आवई उठवली. मग काय! रान झोडपून निघालं. शेवटी उरली एकच, ओटीत पिल्लू घेतलेली. त्यातच गडावरच्या किल्लेदाराच्या सुनेला दिवस गेले आणि शिपाई खाली उतरले.

बुधी नावाची ठाकरीण इथे मसाल्यासाठी दगडफूल खरवडायची. ओटुली तिच्या पायाशी येऊन थरथरत उभी राहिली. बुधी म्हणाली, "अगं खुळे, तू एकटी उरलीस, म्हणून सगळे तुझ्या मागं. हे दगडफूल बघ. जिथं तिथं वाढलंय, त्याच्याकडं ढुंकून तरी बघतं का कोण? तशी होऊन बस." तिने जनावराच्या अंगभर डिंक फासला, टोपलीतलं दगडफूल चिकटवलं आणि बजावलं, "ते गेले की मी हाक मारीन. तोवर हलायचं नाही."

शिपाई आले. एक जण तर तिच्याच पाठीवर बसून भाकर खाऊन उठला, म्हणे. ओटुली हलली नाही. शिपायांनी बुधीला दरडावलं, "जनावर दाखव, नाहीतर गडावर चल."

"चला की," बुधी म्हणाली, "गड बघायचाच राहिला होता माझा."

गड चढताना ती लोकांना दिसली. उतरताना कोणालाच दिसली नाही.

हाक राहून गेली. पावसाळे आले, गेले. चिकटवलेलं दगडफूल रुजलं, पसरलं. ओटीतल्या पिल्लाचं काय झालं, ते कोणी सांगत नाही. फुगवटा मात्र तसाच आहे.

या दगडाचं दगडफूल आजही कोणी काढत नाही. गावात नवी नवरी आली की आधी इथे येते, दगडाची ओटी भरते आणि वाकून हळूच म्हणते, "ऊठ बाई, गेले ते." दगड हलत नाही. आवाज बुधीचा नाही ना, म्हणतात बायका. आमची थोरली काकू मात्र वेगळंच सांगायची. ओटुलीला ऐकू येतं सगळं, म्हणायची. पण पाठीवर अजून कोणी ना कोणी येऊन बसतंच. ते गेले, हे तिला खरं कसं वाटावं?