काट्यावर चढण्याआधी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

“बुवा, ही माणसं ऐकतच नाहीत, तर डॉक्टरने करायचं तरी काय?”

मठातलं तपासणी शिबिर नुकतंच आटोपलं होतं. तरुण डॉक्टर मकरंद वजनकाटा पिशवीत भरत होता. अमृतबुवा खांबाला टेकून शेंगा सोलत होते.

“कोण ऐकत नाही?”

“त्या खानावळवाल्या शेवंताबाई. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. दरवेळी सांगतो, वजन उतरवा. आज पुन्हा वाढलंच! सगळ्यांदेखत म्हटलं, मावशी, गिऱ्हाइकांसाठीही थोडं शिल्लक ठेवत जा.”

“मग?”

“लोक हसले. त्याही हसल्या... आणि निघून गेल्या.”

बुवांनी एक शेंग फोडली.

“काट्यावर चढण्याआधी काय करत होती ती?”

मकरंदला हसू आलं. “चपला काढल्या. कमरेच्या किल्ल्या काढल्या, बांगड्या काढल्या. तोंडातलं पानसुद्धा थुंकून आल्या! त्याने काय फरक पडणार?”

“तिने एवढं उतरवलं... तू काय उतरवलंस?”

“मी कुठे काट्यावर चढलो होतो, बुवा?”

बुवा टरफलं गोळा करून उठले. दारातून वळून एवढंच विचारलं, “ती आली कशासाठी होती?”

मकरंदला ते ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो खानावळीच्या मागच्या दाराशी उभा राहिला. शेवंताबाई कणीक मळत होत्या. त्यांनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं.

“काटा कुठाय?”

“नाही आणला. मावशी, काल माझं चुकलं. तुम्हाला काय सांगायचं होतं?”

हात पुसून त्यांनी डावा पाय पुढे केला. टाचेला जखम होती.

“भरतच नाही. दुखतही नाही, म्हणून जास्तीच भीती वाटते. तुमच्याकडं आलं की आधी काटा. एक वेळच जेवते मी, डॉक्टर. पण कुणी विचारलं तर सांगणार ना?”

मकरंदने खाली बसून पाय मांडीवर घेतला, नीट पाहिला. जखम वरवरची होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

“वेळेत कळलं, आता पायाला काही होत नाही, मावशी. पट्टी करायला रोज मी येईन.”

शेवंताबाईंनी डोळ्याला पदर लावला. “चहा घे लेकरा. बिनसाखरेचा करते, घाबरू नको,” म्हणाल्या, आणि या वेळी खरंच हसल्या.

परतताना तो मठात शिरला. बुवांना सगळं सांगितलं.

“वजन किती भरलं तिचं?”

“बघितलंच नाही, बुवा.”

“म्हणजे आज तपासलंस.”