दुसरी माडी चढणार नाही

समुद्राला पाठ टेकून बसलेल्या एका गावात नरसूशेट नावाचा सुपारीचा व्यापारी राहत असे. माणूस दिलदार, अंगानं सुटलेला, जिभेनं गोड. गावातली बाकीची घरं सगळी बैठी. वरचा मजला होता तो एकट्या नरसूशेटच्या घराला, म्हणून त्या घराला लोक 'शेटची माडी' म्हणत. आणि गंमत बघा, शेटचा जीव होता तोही माडीवरच. पण ती लाकडाची नव्हे, माडाची. नारळाची पोय, म्हणजे न उमललेला तुरा, छेदायची, तिच्या तोंडाशी मडकं बांधायचं, थेंब थेंब साठलेला रस उन्हं वर येईपर्यंत फसफसू द्यायचा, ती माडी. सकाळी प्यायलात तर सरबत, दुपारी प्यायलात तर गाणं, आणि दुसऱ्या दिवसावर ठेवलीत तर पोटात कळ.

गावात पाच जण माड छेदत आणि पाचांची माडी पाच तऱ्हेची. खाडीकाठच्या गुणाजीची किंचित खारट. टेकडीवरच्या राघोबाची गोड आणि गरीब. पुळणीवरच्या बाबाजीची तर अशी जहाल, की पिणाऱ्याला आपलंच घर दोनदा विचारावं लागे. दुकान बंद झालं की शेट रोज एकाच्या अंगणात जाऊन बसे. वाटी तोंडाला लावी, डोळे मिटी आणि म्हणे, "अशी माडी गावात दुसरी नाही!"

हे वाक्य तो पाचही अंगणांत म्हणे. आपण खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगतच असे, 'ही खास तुमच्यासाठी बाजूला काढली होती.' सुपारी तीच, गिऱ्हाईक खूश. कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते आठवड्याच्या बाजारात. राघोबा बोलता बोलता बाबाजीला म्हणाला, "माझ्यासारखी माडी गावात दुसरी नाही. मी नाही म्हणत, शेट म्हणतात."

बाबाजीनं टोपली खाली ठेवली. "शेट? अरे, परवा माझ्या अंगणात बसून हेच म्हणाले!"

"तुझी पिऊन शुद्ध कुणाला राहते? माझंच नाव घेतलं असेल, तुला ऐकू आलं नसेल."

आवाज चढले. तेवढ्यात गुणाजी आला, मग उरलेले दोघे आले, आणि भांडण वेताळाच्या ठाण्यापर्यंत गेलं. गावाची रीत अशी, की जत्रेला वेताळापुढे माडीचं पहिलं मडकं ठेवायचं. हा मान पाळीनं फिरे. यंदा याचा, पुढल्या साली त्याचा. इतकी वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. आता मात्र पाचही जण म्हणू लागले, पाळी कसली? सगळ्यांत चांगली असेल तिलाच मान!

"वेताळाला कुणाचीही चालते," भिकू गुरव म्हणाला. "चालत नाही ती तुम्हाला."

पण त्याचं कोण ऐकतो? कुणीतरी म्हणालं, "शेटना विचारा. शेटची जीभ म्हणजे सोनाराचा काटा!"

अख्खं गाव नरसूशेटकडे वळलं. 'पाळी आहे तीच बरी' हे शब्द शेटच्या ओठांवर आले होते. ते बोलला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण सुपारी तोलताना त्याच्याकडे आजवर असं कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं उपरणं सावरलं, छाती काढली आणि म्हणाला, "आणा मडकी!"

पहिली वाटी शेटनं फार गंभीरपणे घेतली. दुसरी घेताना मान डोलावली. तिसरीला त्याला लहानपणीची एक नाव आठवली. चौथी संपली तेव्हा तो बाबाजीच्या गळ्यात पडून त्याला राघोबा म्हणत होता. पाचवी वाटी गुणाजीची. ती पोटात गेली मात्र, शेटच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "हीच!" तो ओरडला. "हिच्यापुढे बाकीच्या म्हणजे विहिरीचं पाणी!"

"हे आजचं," राघोबा म्हणाला. "उद्या माझ्या अंगणात येऊन तेच म्हणाल. खरं असेल तर देवासमोर सांगा."

शेटनं वेताळाच्या दगडावर हात ठेवला आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐक रे वेताळा! आजपासून गुणाजीची सोडून दुसरी माडी चढणार नाही!"

या दगडावर हात ठेवून दिलेला शब्द जो मोडेल, त्याच्या तराजूतून गाव माल घेत नसे. बंदीबिंदी काही नाही. लोक नुसते पलीकडच्या दुकानात जात. व्यापाऱ्याला याहून मोठा धाक कुठला?

दिवेलागणीला शेट डुलत डुलत घरी आला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतो, तो बायको, भागीरथी, वाट अडवून उभी.

"कुठे निघालात?"

"वर. पडतो जरा."

"वर काय आहे?"

"काय म्हणजे? माडी."

"कुणाची?"

"कुणाची काय? आपली!"

"गुणाजीची नाही ना? मग पाय खाली घ्या. दुसरी माडी चढणार नाही, असं देवासमोर बोललात. मी कानांनी ऐकलं."

शेट पोट धरून हसला. "अगं वेडे, ती माडी वेगळी, ही माडी वेगळी! ती मला चढते, हिच्यावर मी चढतो!"

"मला कळलं हो. वेताळाला कळलं का? आणि गावाला? उद्या दुकान ओस पडलं तर पलीकडच्या दुकानात जाणाऱ्या एकेकाला थांबवून हे समजावणार आहात?"

तराजूचं नाव न काढता तिनं तराजूच दाखवला. शेटचं हसू विरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरवाकडे गेला. गुरव म्हणाला, "शब्द तुमचा शेट, मी नुसता घंटा वाजवणारा." मग त्यानं चार जाणत्यांना विचारलं. दोघं म्हणाले चढायला हरकत नाही, दोघं म्हणाले आम्ही असतो तर चढलो नसतो. घाबरलेल्या माणसाला एवढं पुरतं. शेटनं वळकटी खाली मागवून घेतली आणि पडवीत सुपारीच्या पोत्यांना टेकून झोपू लागला. एका अंगाला पोती, दुसऱ्या अंगाला शेळी. शेळीला त्याच्या उशीतला कापूस फार आवडला.

असो. निदान गुणाजीची माडी तरी होती. पहिले काही दिवस मजेत गेले. पण शेटनी निवडलेली माडी म्हटल्यावर गुणाजीच्या अंगणात जत्रा लोटली. आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली. माड होते तेवढेच, पोयी होत्या तेवढ्याच, तोंडं मात्र दसपट. शेटची वाटी आधी अर्धी झाली. मग ती पातळ झाली.

"गुणाजी," शेट हळूच म्हणाला, "आज जरा फिकी लागते का रे?"

"फिकी?" गुणाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शेट, तुम्हीच निवडलीत की!"

आता काय बोलणार? माडी वाईट म्हणावी तर आपली जीभ वाईट ठरते. भोवतीची माणसं तोंडाकडे बघत होती. शेटनं डोळे मिटले आणि वाटी संपवून म्हणाला, "वा!"

परतीच्या वाटेवर बाबाजीचं अंगण लागे. तिथं पहिल्यासारखीच बैठक बसलेली असे, टाळ्या, गप्पा, ताज्या माडीचा घमघमाट. बाबाजी मुद्दाम हाक मारी, "या शेट, नुसता वास घ्या! वासाची शपथ नाही ना घेतलीत?" सगळे हसत. शेटही हसे आणि पावलं उचली.

पुढे एक दिवस गुणाजीनं मडकी काढून पालथी घातली. "माड थकले, शेट. फार ओरबाडलं त्यांना. आता पावसाळा सरेपर्यंत छेदणार नाही. नारळ धरू देत."

"आणि मी?"

"तुम्ही शहाळं प्या."

अशा तऱ्हेनं नरसूशेटला प्यायची माडी उरली नाही आणि झोपायचीही उरली नाही. तो इतका सुकला, की भागीरथीलाच दया आली. ती म्हणाली, "अहो, एक सुचतं. गुणाजीची माडी तुम्हाला चालते ना? मग आपली माडी गुणाजीची करून टाका. तशी नावापुरती. म्हणजे वर जायला मोकळे."

शेटला वाटलं, आपली बायको दुकानात बसती तर आपण अजून एक मजला चढवला असता. लगेच वेताळापुढे जाऊन तो सर्वांदेखत म्हणाला, "माझ्या घराची माडी आजपासून गुणाजीची!"

गुणाजीला 'नावापुरती' हा शब्द कुणी सांगितलाच नव्हता. त्याचं घर तसंही शाकारायचं राहिलं होतं. तिसऱ्या प्रहरी तो बायको, म्हातारी आई, चुलीची भांडी आणि चार कोंबड्या घेऊन हजर झाला. "शेट, तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणत जिना चढून गेला.

शेट त्याच्यामागून मोठ्या हौसेनं वर गेला. वारा तोच होता, खिडकीतून समुद्रही तसाच दिसत होता. पण त्याच्या शिसवी पलंगावर गुणाजीची आई पाय पसरून बसली होती. म्हातारीला धड दिसत नव्हतं, धड ऐकू येत नव्हतं. दात मात्र शाबूत. "ही सुपारी कुठली रे गुणाजी?" ती विचारत होती. "बरी आहे. खालच्या दुकानदाराला सांग, अजून पाठव."

शेट पुन्हा पडवीत आला. आता फरक एवढाच, की रोज पहाटे त्याच्या डोक्यावर म्हातारी खलबत्त्यात सुपारी कुटू लागली. ठक, ठक, ठक. सुपारी त्याची, खलबत्ता त्याचा, छत त्याचं आणि डोकंही त्याचंच.

अखेर एका बाजारच्या दिवशी, दुकान न उघडता, शेट वेताळापुढे जाऊन उभा राहिला. माणसं जमली. हे बोलल्यावर आपल्या तराजूला कुणी विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यानं दगडावर हात ठेवला.

"मंडळी, त्या दिवशी मी जे बोललो ते जिभेनं नाही बोललो. पोटात चार वाट्या होत्या. पाचवी गुणाजीची आली म्हणून गुणाजी पहिला. राघोबाची पाचवी आली असती तर राघोबा पहिला. अहो, पाचव्या वाटीत कुणी समुद्राचं पाणी दिलं असतं, तर मी त्यालाही मान देऊन मोकळा झालो असतो! मला निवडता येत नव्हतं. पण तुम्ही सगळे माझ्याकडे असे बघत होतात, की नाही म्हणवलं नाही. शब्द मोडतोय. आता काय ती शिक्षा करा."

मग गर्दीतून गुणाजी पुढे आला, खाली मान घालून. "शिक्षेत माझाही वाटा धरा. मडक्यात पाणी मी घातलं. पहिलेपणा टिकवायचा होता. शेटनी मला निवडलं नसतं, तर पाणी घालायची बुद्धी झाली नसती."

"पाणी होतं?" शेट उसळला. "मग मी एवढे दिवस 'वा' म्हणत होतो ते—"

"विहिरीला!" बाबाजी ओरडला, आणि अख्खं ठाणं हसून हसून लोळलं. शेटही हसला. फार दिवसांनी त्याचं पोट हललं.

भिकू गुरवानं दोघांकडून एकेक नारळ घेतला, दगडावर फोडला आणि म्हणाला, "वेताळानं यातलं काही मागितलंच नव्हतं. मान पुन्हा पाळीनं. जा घरी."

शेटनं भीत भीत दुकान उघडलं. वाटलं होतं तसं झालं नाही. पाचव्या वाटीची कथा त्याच्याच तोंडून ऐकायला एवढी माणसं आली, की तराजूची दांडी दिवसभर स्थिर राहिली नाही. मात्र माडीतलं त्याला त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

उन्हं कलल्यावर तो बाबाजीच्या अंगणात जाऊन बसला. बाबाजीनं वाटी भरून दिली. "कशी आहे, शेट?"

जुनं वाक्य जिभेच्या टोकावर आलं. शेटनं ते माडीबरोबर गिळलं आणि म्हणाला, "आवडली. घाल अजून."

मग तो घरी आला आणि किती दिवसांनी, मालकाच्या पावलांनी जिना चढला. वरच्या पायरीवर डोकं निघतं न निघतं तोच पलंगावरचा खलबत्ता थांबला.

"कोण रे तो?" गुणाजीची आई डोळे बारीक करून म्हणाली. "ही गुणाजीची माडी आहे, बाबा. खाली एक शेट राहतो, चांगला माणूस आहे. आधी त्याला विचार, मग वर ये."

नरसूशेट जिना उतरला आणि शेळीला जरा सरकवून आडवा झाला.

तात्पर्य: जे आवडतं ते आवडीनं घ्यावं, त्याची सगळ्यांशी तुलना मांडत बसू नये, कारण चारचौघांत मिरवायला म्हणून एकाला सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं, की तो सगळ्यांत आधी आपल्याच डोक्यावर येऊन बसतो.